चांद्याच्या पेठेंतले कारागीर



आज ज्या शहराला आपण चंद्रपूर म्हणतों, त्याला इंग्रजी अमदानींत चांदा म्हणत. जुनीं माणसें घरांत बोलतांना अजूनहि चांदाच म्हणतात, आणि या भाषणापुरतें मीहि तेंच नांव घेणार आहें. तेव्हांचा चांदा जिल्हा म्हणजे, राजुऱ्याकडचा निजामी टापू सोडला तर, आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून होणारा विस्तीर्ण मुलूख. गडचिरोली निराळा जिल्हा झाला तो १९८२ सालीं. चांदा म्हटलें कीं गोंड राजांचा परकोट डोळ्यांपुढें येतो, महाकालीचें देऊळ येतें, आणि नव्या पिढीला कोळशाच्या खाणी व वीजकेंद्राचीं धुराडीं आठवतात. पण त्या परकोटाच्या आंत शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं लोक काय बनवीत होते, काय विकीत होते आणि कोणत्या कामाचा मोबदला घेत होते, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. राजांच्या वंशावळी आपल्याला पाठ असतात. राणीचें लुगडें कोणीं विणलें तें मात्र आपण विचारीत नाहीं.

मला या विषयाचा नाद लागला तो एका पेटीमुळें. आमच्या आजोळीं माडीवर एक सागवानी पेटी होती. तिच्यांत वाळ्याच्या जुडीखालीं आजोबांचा कोशाचा मुकटा घडी करून ठेवलेला असे. रंग मधासारखा, हाताला किंचित् खरखरीत. आजी तो वर्षांतून एकदां ऊन दाखवायला काढी आणि म्हणे, "हा चांद्याचा. याला साठ वर्षें कांहीं झालें नाहीं." कोणा कोष्ट्यानें विणला, हें तिला ठाऊक नव्हतें. चांद्याचा, एवढीच त्याची ओळख.

तर हें चांदा शहर कसें होतें तें आधीं पाहूं. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या बेचक्यांत वसलेलें, भोंवतीं दगडी परकोट, आणि त्याला चार दरवाजे: जटपुरा, बिनबा, अचलेश्वर आणि पठाणपुरा. शिवाय पांच खिडक्या. नागपूरकडून येणारा माल जटपुऱ्यानें शिरे. अचलेश्वर दरवाजाच्या बाहेर महाकाली. तिच्या चैत्री यात्रेला मराठवाड्यांतून व तेलंगणांतून माणसें येत आणि आजहि येतात. पूर्वेकडे मूल, सावली, आणि वैनगंगा ओलांडली कीं गडचिरोलीचें रान. १८५४ सालीं नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा झालें तेव्हां हें शहर इंग्रजांकडे आलें. १८६७ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली. कचेरी, तुरुंग, शाळा, दवाखाना हें सर्व मागोमाग आलेंच. त्यांच्याबरोबर एक नवें गिऱ्हाईक आलें: वकील, कारकून, मास्तर. त्याला शिवलेला कोट हवा होता, बंद गळ्याचा सदरा हवा होता, आणि तो मजुरी रोख देत होता. शिंप्याचें दुकान त्यामुळें वाढलें. कासाराचें मात्र पहिल्यासारखेंच चाललें.

इंग्रजी गॅझेटियरांत चांद्याच्या कारागिरीची जी नोंद आहे ती एका ओळींत आटोपते: जाडें व तलम सुती कापड, रेशमी वस्त्रें, पितळी भांडीं, चामड्याच्या सपाता आणि बांबूकाम. साहेबानें विकत घेण्याजोग्या वस्तूंची ही यादी आहे. घर चालतें तें याहून लहान कामांवर, आणि तीं कामें सरकारी पुस्तकांत सहसा सांपडत नाहींत. पितळेला कल्हई करणारा, दिवाळीच्या आधीं गादीचा कापूस पिंजून देणारा पिंजारी, जात्याला टांकी लावून देणारी बाई, कपडे नेणारा वरठी, घाण्यावर तेल काढून ढेप परत देणारा तेली. यांच्यावांचून एकाहि घराचा महिना सरत नव्हता. शहरांत या कामांना पैसा मिळे. खेड्यांत सुगीला धान्य मिळे, पायलीनें किंवा कुडोनें मोजून. धान्य देतांना हात आंखडणारे पाटील होते, आणि काम उशिरां देणारे लोहारहि होते. जुन्या काळीं सगळें गोडीगुलाबीनें चाले असें कोणी सांगूं लागला तर मी त्याला ज्याच्या घरचें धान्य कमी आलें त्या न्हाव्याला विचारायला सांगेन.

रानाकडून शहरांत येणारा माल निराळाच. मोहाचीं फुलें, चारोळी, लाख, डिंक, मध, मेण, हिरडा. आणि शहरांतून रानांत जाणारा मुख्य माल एकच: मीठ. आगगाडीच्या आधीं तें लमाणांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवर शेंकडों मैल चालून येई, आणि त्यावर सरकारचा करहि असे. माडिया-गोंडांच्या बाजारांत व्यापारी मिठाच्या बदल्यांत चारोळी घेत. चारोळीची आजची किंमत ज्या गृहिणीला माहीत आहे तिला या सौद्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तराजू हातांत असलेल्या माणसानें मीठ दुर्मिळ आणि चारोळी मुबलक आहे एवढेंच पाहिलें. व्यवहारशास्त्रांत याला दोष नाहीं म्हणतात. मला तो दिसतो.

आतां कापडाकडे वळूं. चांदा जिल्ह्यांत सूत कांतणारे आणि विणणारे हे दोन वेगळे वर्ग होते, आणि त्यांचें नशीबहि वेगळें निघालें. कोष्टी, साळी, तेलुगु बोलणारे पद्मशाली आणि जाडेंभरडें विणणारे महार हे विणकर. घरोघरच्या बायका या कांतणाऱ्या. १८७७ सालच्या १ जानेवारीला नागपुरांत जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. त्याच सालीं वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला, मुख्यतः तेथल्या कोळशासाठीं. आतां गिरणीचें सूत चांद्याच्या वेशीपाशीं येऊन ठेपलें. तें स्वस्त होतें, सारखें होतें, माग थांबवून तुटलेला धागा जोडीत बसावें लागत नसे. कोष्ट्यानें तें घेतलें, आणि त्याला कोण दोष देईल? त्याचा माग चालत राहिला. त्याच्या शेजारणीचा चरखा मात्र माळ्यावर गेला. गिरणीनें विणकर बुडविला असें आपण सरसकट म्हणतों. या मुलखांत तिनें पहिल्यानें बुडविली ती कांतणारी, आणि तिच्या धंद्याचें दुकान नसल्यामुळें तें बंद झाल्याचें कोणाला दिसलें नाहीं.

सर्वच चरखे मात्र माळ्यावर गेले नाहींत. मूलच्या पुढें सावली म्हणून गांव आहे. तेथें चरखा संघाचें केंद्र चाले आणि भोंवतालच्या गांवांतल्या बायका त्याला सूत देत. १९३५ सालीं चरखा संघानें एक मोठा धाडसी ठराव केला: कांतणारीला बाजारभावानें नव्हे, तर तिचा निर्वाह होईल अशा दरानें मजुरी द्यावी. आठ तासांच्या चांगल्या कामाला आठ आणे हें ध्येय गांधीजींनीं मांडलें होतें. प्रत्यक्षांत तेथपर्यंत पोंचणें कठीण गेलें, कारण मजुरी वाढली कीं खादी महाग होते आणि ती घेणारे आपणच मंडळी कुरकुरूं लागतों. पुढच्याच वर्षीं, १९३६ सालीं, गांधी सेवा संघाचें अधिवेशन याच सावलीस भरलें व गांधीजी तेथें आले. आडबाजूच्या त्या गांवांत एवढी थोर मंडळी जमली आणि सुताच्या एका लडीची खरी किंमत काय, यावर खल झाला, ही गोष्ट मला एखाद्या लढाईपेक्षां मोठी वाटते.

आणि आतां कोसा. आजोबांच्या मुकट्याचा कोसा. हा धंदा समजून घ्यायचा तर माग सोडून झाडाखालीं गेलें पाहिजे. ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर कोशाचा किडा वाढतो. तो घरांत तुतीच्या किड्यासारखा टोपलींत पाळतां येत नाहीं. झाडावर सोडावा लागतो, आणि झाड रानांत असतें. हें काम या भागांत पिढ्यान्पिढ्या धिवर करीत आले आहेत, जे एरवीं मासे धरतात. पावसाळा सुरू झाला कीं अंड्यांतून निघालेल्या अळ्या झाडांवर चढवायच्या, एका झाडाचा पाला संपला कीं दुसऱ्यावर न्यायच्या, आणि पांखरें, मुंग्या, गांधीलमाशा यांच्यापासून रात्रंदिवस राखण करायची, हातांत गोफण घेऊन. या दिवसांत धिवर मांसमच्छी सोडतो, ब्रह्मचर्य पाळतो, विटाळ होऊं देत नाहीं. नाहींतर किडा मरतो अशी श्रद्धा. कोष तयार झाले कीं ते राखेच्या वा खाराच्या पाण्यांत उकळून मऊ करायचे, मग बायका ते घेऊन बसतात आणि चार-सहा कोषांचे तंतू एकत्र करून उघड्या मांडीवर वळीत वळीत सूत काढतात. नंतर तें आरमोरी, नागभीडकडच्या कोष्ट्याच्या घरीं जातें. करवतीच्या दांतांसारखा काठ असलेलें जें करवतकाठी लुगडें विदर्भांत नांवाजलेलें आहे, त्यांत कोशाचें अंग आणि निराळ्या सुताचे काठ एकमेकांत अडकवायला तीन धोटे चालवावे लागतात.

मला नेहमीं वाटतें कीं आमच्या आजोळच्या देवघरापेक्षां त्या झाडाखालचें सोवळें अधिक कडक होतें. ज्या हातांना आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडण्याची मुभा नव्हती, त्याच हातांनीं काढलेलें सूत नेसून आजोबा पूजेला बसत. त्यांना यांत विसंगत कांहीं दिसलें नसावें. आम्हांलाहि पुष्कळ दिवस दिसलें नाहीं.

कोशाचा धंदा पुष्कळ सोसूनहि उरला. लोखंडाचा उरला नाहीं; त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगतों, कारण ती चांद्याहून बरीच लांब जाते.

सिंदेवाहीजवळचें लोहारा, वैनगंगेपलीकडचें देऊळगांव, दक्षिणेस सूरजागड. या डोंगरांत उत्तम लोखंडाचा दगड आहे. गांवांतले लोखंड गाळणारे तो दगड फोडून बारीक करीत, मातीची लहानशी भट्टी उभारीत, तींत लांकडी कोळसा व दगड आळीपाळीनें घालीत, आणि भाता फुंकून कित्येक तासांनीं खालून तांबडा गोळा बाहेर काढीत. तो घणानें ठोकून मळ काढला कीं लोखंड झालें. एका भट्टीला निघे थोडेंसें, पण कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ, एवढी गरज त्यांत भागे, आणि त्या लोखंडाच्या कुऱ्हाडीची धार लोक वाखाणीत. या सर्वाला लागे तो कोळसा रानांतून येई. १८७८ च्या कायद्यानें रानें राखीव होऊं लागलीं. कोळसा पाडायला परवाना, परवान्याला पैसा. मध्यप्रांतांत भट्टीवर कर होता तो निराळाच. व्हेरिअर एल्विन यांनीं १९४२ सालीं अगरिया लोकांवर लिहिलेल्या पुस्तकांत त्या कराची कहाणी आहे. दुसरीकडून आगगाडीनें विलायती लोखंडाच्या पट्ट्या व सळ्या बाजारांत आल्या. लोहार वांचला, तो पट्टी विकत घेऊन विळा करूं लागला. गाळणारा संपला. कापडांतली गोष्टच पुन्हां घडली: वस्तूला शेवटचा हात देणारा तगला, कच्च्या मालाला पहिला हात लावणारा गेला.

याच डोंगरांवर एका मोठ्या कारखानदाराची नजर होती. १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञानें चांदा जिल्ह्यांतल्या लोखंडावर अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनांत रुजली ती तेथें. वरोऱ्याचा दगडी कोळसा जवळच होता, पण तो अशा भट्टीला निरुपयोगी ठरला. वीस वर्षांनीं, १९०३-०४ च्या सुमारास, दोराबजी टाटा आणि वेल्ड नांवाचे अमेरिकन भूशास्त्रज्ञ बैलगाडींतून याच रानांत हिंडले. पाण्याची इतकी टंचाई कीं कधीं कधीं चहा सोडावॉटरमध्यें करावा लागे. दगड चांगला निघाला, परंतु मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा एका जागीं नव्हता. हा नाद सोडतों आहों असें सरकारला सांगण्यासाठीं दोराबजी नागपुरास गेले. साहेब भेटेपर्यंत वेळ घालवायला समोरच्या अजबखान्यांत शिरले, आणि तेथल्या भूस्तरांच्या नकाशावर त्यांना दुर्गकडच्या लोखंडाच्या खुणा दिसल्या. पुढचा रस्ता जमशेदपुराला गेला. चांद्याच्या वांट्याला त्या कारखान्यांतलें कांहीं आलें नाहीं. एका गांवठी भट्टीला पुरणारें लोखंड एका गिरणीला पुरत नाहीं, एवढेंच सिद्ध झालें. आज सूरजागडच्या डोंगरावर यंत्रांनीं खोदकाम चालू आहे. मातीच्या भट्टीचा त्याच्याशीं संबंध उरलेला नाहीं.

सपातांविषयीं आणि पितळेविषयीं मी फार बोलत नाहीं. सपाता गेल्या त्या पायांत बूट आल्यानें. पितळ गेलें तें आपण स्टीलचीं भांडीं घेतलीं म्हणून, आणि पितळेबरोबर कल्हईवाला गेला. १९१३ च्या सुमारास गोंदियाकडून लहान गाडी चांद्याला पोंचली, १९२९ सालीं बल्लारशाहून काझीपेठेपर्यंत मार्ग जोडला जाऊन मद्रासची गाडी येथून जाऊं लागली, आणि चांद्याच्या पेठेला मुंबई-मद्रासच्या दुकानांत मिळे तें सर्व मिळूं लागलें. गिऱ्हाइकाचें भलें झालें, हें नाकारणें खोटेपणाचें होईल.

बुरुडाची गोष्ट मात्र अजून संपलेली नाहीं. सूप, टोपली, परडी, कणगी, ताटी. लग्न असो कीं सुगी, बुरुडाचें दार ठोठवावेंच लागे, आणि मर्तिकाच्या तिरडीला बांबू लागे तो निराळा. त्याचा कच्चा माल एकच, आणि तो सरकारी रानांत. वनखात्याच्या दप्तरांत नांव असेल त्या बुरुडाला सवलतीच्या दरानें बांबू मिळण्याची सोय आहे. पण डेपोंत बांबू कोंवळा आहे कीं वाळलेला, यावर त्याचा आठवडा अवलंबून. बुरुडाला ओला, लवचीक बांबू हवा. वाळक्याच्या काड्या तडकतात. १९४५ सालीं बल्लारपूरची कागदगिरणीची कंपनी स्थापन झाली, आणि पुढें त्या गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारानें याच जिल्ह्यांतला बांबू जाऊं लागला. एक बांबू कागदाला आणि एक सुपाला, यांत दोघांना दर सारखा नव्हता व दाराशीं वागणूकहि सारखी नव्हती, ही तक्रार गडचिरोलीकडे पुष्कळ वर्षें ऐकूं येई.

मग धानोरा तालुक्यांतल्या मेंढा-लेखा या गोंड गांवानें ती तक्रार निराळ्या वाटेनें नेली. वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं त्या गांवाला आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. कारण कायद्याच्या भाषेंत बांबू हें झाड होतें, आणि झाड वनखात्याचें. बांबू हें गवत आहे हें वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्गांतला मुलगाहि सांगतो. २०११ सालच्या एप्रिलमध्यें वनमंत्री जयराम रमेश स्वतः गांवांत आले आणि परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. ज्यांच्या रानांतला बांबू, त्यांनींच त्याचा भाव सांगायचा, असें या मुलखांत बहुधा फार दिवसांनीं घडलें. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथें बांबूकामाचें शिक्षण देणारी संस्थाहि आतां आहे. तेथें टोपलीबरोबर खुर्च्या, दिवे, राख्या बनवायला शिकवितात. सूप विणायला शिकणारे किती, हें मी विचारलें नाहीं.

जातां जातां त्या मुकट्याचें राहिलें. आजीच्या मागें ती पेटी माझ्याकडे आली. दोन वर्षांपूर्वीं घडीवर मुकटा फाटला. नागपुरांतल्या एका रफूगाराला दाखविला. त्यानें तो उजेडाकडे धरला, बोटांत चोळला आणि म्हणाला, "साहेब, हें मांडीवरचें सूत आहे. यंत्राचा धागा लावला तर ठिगळ दिसेल. मांडीवरचा आणा, मग करतों."

धागा मिळाला असता. परंतु मांडीवर सूत वळणाऱ्या बाईची कातडी सोलवटते, खरुजा होतात, आणि दिवसभराच्या कामाला मिळतें तें थोडें. ही पद्धत बंद करून बायकांना सूत काढण्याचीं यंत्रें द्यावींत, असा केंद्रीय रेशीम मंडळाचा प्रयत्न २०१९ च्या सुमारापासून चालू आहे, आणि तो योग्य आहे असें माझें मत आहे. रफूगाराला मी यंत्राचाच धागा लावायला सांगितला. ठिगळ दिसतें.